पाणी ऊबदार राहिलं, तरी जीवाणू परतले: नॉर्थ स्पार्कलिंग बॉगचं प्रकरण

उन्हाळ्यात अनेक तळ्यांच्या तळाशी दोन गोष्टी जोडीनं घडतात. पाणी गार राहतं आणि त्यातला ऑक्सिजन संपतो. तिथली जीवाणूंची वस्ती वरच्या पाण्यातल्या वस्तीहून पार वेगळी असते, हे अशा कुठल्याही तळ्यात दिसतं. पण हा फरक थंडीमुळे पडतो की ऑक्सिजन नसल्यामुळे, हे नुसत्या निरीक्षणांतून कळत नाही, कारण दोन्ही आकडे वर्षभर हातात हात घालून फिरतात. ते सुटे करायचे तर एक बदलून दुसरा पूर्ववत होऊ द्यायला हवा. बाटलीत हे सोपं आहे, पण बाटलीतल्या पाण्याला तळ नसतो, गाळ नसतो, वारा नसतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेला, व्हिलास काउंटीत, २००८ च्या उन्हाळ्यात हा प्रकार आख्ख्या तळ्यात घडला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन शाखेतल्या अ‍ॅशली शेड, कॅथरीन मॅकमहन आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ स्पार्कलिंग बॉग हे तळं (बॉग म्हणजे मॉसच्या दलदलीतलं आम्ल पाणी) भर उन्हाळ्यात मुद्दाम ढवळलं. मोठा धक्का बसल्यावर जीवाणूंची वस्ती सावरते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तापमान आणि ऑक्सिजन यांची फारकत हे त्या प्रयोगाचं जवळजवळ आनुषंगिक फळ, आणि आमच्या मते तेच सर्वांत मोलाचं.

तळं कसं आहे

क्षेत्रफळ अर्ध्या हेक्टरपेक्षा थोडं कमी, सर्वाधिक खोली साधारण सव्वाचार मीटर. काठाला स्फॅग्नम मॉसची तरंगती गादी, भोवती झाडी. पाणी आम्लधर्मी आणि गडद चहाच्या रंगाचं, कारण कुजलेल्या वनस्पतींतून झिरपलेली ह्युमिक द्रव्यं त्यात विरघळलेली असतात. या रंगाचा परिणाम मोठा. ऊन वरच्या मीटरभरातच शोषलं जातं, तेवढाच थर तापतो, आणि त्याखाली प्रकाश नसल्यामुळे प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन मिळायची सोयच राहत नाही. वर्षातून दोनदा, बर्फ वितळल्यावर आणि शरद ऋतूत, तळं आपसूक वरपासून खालपर्यंत मिसळतं. मधल्या काळात तळाचं पाणी हवेपासून तोडलेलं असतं.

हे तोडणं किती पक्कं असतं, याचा हिशेब करून पाहावा. स्थिर पाण्यात ऑक्सिजनचा विसरणांक, म्हणजे आपोआप पसरण्याच्या वेगाचं माप, सेकंदाला सुमारे २ × १०⁻⁹ चौरस मीटर. नुसत्या विसरणानं १ मीटर अंतर कापायला त्याला जवळपास ८ वर्षं लागतील. प्रत्यक्षात थोडीफार हालचाल असतेच, पण जेमतेम ७५ मीटर रुंदीच्या, झाडांनी वेढलेल्या तळ्यावर वाऱ्याला धाव घ्यायला जागा नसते. वरचं २०–२५ अंशांचं पाणी ६ अंशांच्या पाण्यावर तेलासारखं बसून राहतं.

तळथरात मग एकामागून एक ऑक्सिडक, म्हणजे श्वसनात इलेक्ट्रॉन स्वीकारणारी द्रव्यं, संपत जातात. आधी ऑक्सिजन, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेन तयार करणारे आर्किया (जीवाणूंसारखे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव). क्रम ठरतो तो ऊर्जेनं. एक मोल ग्लुकोज ऑक्सिजनसह जाळलं तर सुमारे २८७० किलोज्यूल सुटतात, तेच मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपर्यंत आंबवलं तर साधारण ४००. हे ४०० सुद्धा एका जीवाणूच्या वाट्याला येत नाहीत. आंबवणारे, हायड्रोजन वापरणारे आणि मिथेन बनवणारे यांच्यात ते वाटले जातात. म्हणून ऑक्सिजनविरहित पाण्यातली वस्ती एकमेकांवर अवलंबून असलेल्यांची असते, तिथे एकट्यादुकट्याचं भागत नाही.

बॉगमध्ये या शिडीच्या मधल्या पायऱ्या झिजलेल्या असतात. नायट्रेट आणि सल्फेट दोन्ही तुटपुंजे. त्यांची जागा काही अंशी ह्युमिक द्रव्यं घेतात. ती इलेक्ट्रॉन स्वीकारतात आणि ऑक्सिजन भेटला की परत देऊन टाकतात, म्हणजे चार्ज होणाऱ्या बॅटरीसारखं काम करतात. ढवळण्याच्या प्रयोगाचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवावं लागतं.

ढवळलं कसं

तळं मिसळायचा नेहमीचा उपाय म्हणजे तळाशी नळी टाकून बुडबुडे सोडायचे. तो इथे नडला असता. बुडबुडे पाणी मिसळतात, शिवाय स्वतः ऑक्सिजन देतात आणि साठलेले मिथेन व कार्बन डायऑक्साइड बाहेर ओढून काढतात. वादळानं तळं ढवळलं तर काय होईल, याची नक्कल करायची असेल तर मिसळणं यांत्रिकच हवं. म्हणून जॉर्डन रीड आणि सहकाऱ्यांनी एक वेगळं साधन बनवलं. पाण्यात बुडवलेली मोठी आडवी चकती, तिची तरंगशक्ती आलटून पालटून वाढवायची आणि घटवायची. चकती वर येते, खाली जाते, आणि प्रत्येक फेरीत दोन थरांच्या सीमेवरचं थोडं पाणी ओढून घेते. सीमा हळूहळू झिजते आणि शेवटी नाहीशी होते. या कामाला सुमारे आठवडा लागला.

ढवळण्यानं तळाचं तापमान ६ अंशांवरून २० अंशांवर गेलं. तळ्याचं सरासरी तापमान १४ वरून २० झालं आणि ढवळणं थांबल्यावर ७ आठवडे तसंच राहिलं. हा दुसरा आकडा पहिल्यांदा वाचला की खटकतो. नुसतं मिसळून सरासरी कशी वाढेल? कारण असं की पृष्ठभाग गार झाला, त्यामुळे तिथून हवेत जाणारी उष्णता घटली, ऊन मात्र तेवढंच येत राहिलं. जी उष्णता एरवी वरच्या थरातून रात्री निसटून गेली असती, ती खोल पाण्यात साठली.

तळाच्या पाण्याला ऑक्सिजन मिळाला. वरच्या थरात कार्बन डायऑक्साइड वाढला, कारण तळाशी महिनोन्महिने साठलेला वर आला. मिसळणं म्हणजे खाली ऑक्सिजन ‘देणं’ असं आपण सहज म्हणतो, पण ते देणंघेणं दोन्हीकडून असतं. तळाच्या पाण्याची ऑक्सिजनची उधारी सगळ्या तळ्यावर पसरते. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना हे ठाऊक आहे. वळवाच्या जोरदार पावसानंतर सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात, तेव्हा हीच उधारी वसूल होत असते.

नंतर काय झालं

ढवळणं थांबल्यावर ७ दिवसांत वरच्या थरातली, आणि ११ दिवसांत तळथरातली जीवाणूंची वस्ती पूर्वीच्या रचनेवर आणि पूर्वीच्या विविधतेवर परतली. तळाचं पाणी तेव्हाही २० अंशांच्या आसपासच होतं. पूर्ववत झाल्या होत्या त्या ऑक्सिजनच्या प्रमाणासारख्या काही गोष्टी.

तळथरातले जीवाणू थंडीमुळे तिथे असते, तर १४ अंशांनी तापलेल्या पाण्यात ते ११ दिवसांत परतले नसते. रचना ठरवणारा मुख्य हात ऑक्सिजनचा दिसतो. तापमान मात्र बिनमहत्त्वाचं ठरत नाही, ते वेग ठरवतं. दर १० अंशांना जैविक क्रिया साधारण दुप्पट होते असं धरलं, तर ६ वरून २० अंशांवर त्या सुमारे अडीचपट वेगानं चालतात. म्हणजे तापलेल्या तळानं आपला ऑक्सिजन स्वतःच लवकर खाऊन टाकला असणार. थंडीची गरज नव्हती, इतकंच नाही, तर ऊब परतीच्या वाटेवर मदतीलाच आली, असं आम्ही या निकालाचं वाचन करतो.

इथे एक शंका रास्त आहे. तळही २० अंशांवर आणि वरचं पाणीही जवळपास तेवढंच, तर थर पुन्हा पडले कसे? उत्तर पाण्याच्या घनतेत आहे. घनतेचा तापमानाशी संबंध सरळ रेषेचा नाही. ५ ते ६ अंशांदरम्यान पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ०.०२५ किलोनं घटते, २४ ते २५ अंशांदरम्यान ०.२५ किलोनं. दहापट फरक. २० अंशांच्या पाण्यावर २३ अंशांचं पाणी बसलं की घनतेतला फरक ०.६७ किलो होतो, जो ४ आणि १२ अंशांच्या पाण्यांतल्या फरकापेक्षा (०.४८ किलो) जास्त आहे. जुलैच्या उन्हात दोन-तीन अंश वाढायला काही दिवस पुरतात. झाकण परत बसतं आणि खालचा ऑक्सिजन पुरवठ्याविना राहतो. तापमापकावर तळं अजून ‘मिसळलेलं’ वाटत असतं, आणि तळाशी श्वास कोंडायला सुरुवात झालेली असते. उष्ण प्रदेशातल्या जलाशयांची मोजणी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. तिथे दीड-दोन अंशांचा फरकही थर टिकवून ठेवतो.

ऑक्सिजन किती दिवस पुरेल, याचा ढोबळ हिशेब कुठल्याही तळ्यासाठी करता येतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या संपृक्त पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ६ अंशांना १२.४. सेंद्रिय द्रव्यानं भरलेल्या पाण्यात दिवसाला ०.५ ते १ मिलिग्रॅम खर्च होतो असं धरलं, तर पूर्ण भरलेला साठासुद्धा ९ ते १८ दिवसांत संपेल. त्यात मिथेनचा हिशेब वेगळा मांडावा. १ मिलिग्रॅम मिथेन पूर्ण ऑक्सिडाइज व्हायला ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तळाच्या पाण्यात लिटरला १.६ मिलिग्रॅम मिथेन साठलेला असेल, तर तो एकटाच ६.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मागतो. प्रत्यक्षात मागणी याहून थोडी कमी भरते, कारण मिथेनभक्षी जीवाणू त्यातला काही कार्बन स्वतःच्या पेशी बांधायला ठेवतात. फेरस लोहाचं (ऑक्सिजनविना विरघळून राहिलेल्या लोहाचं) वागणं पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असतं. उदासीन पाण्यात ते ऑक्सिजन भेटताच मिनिटांत गंजतं, बॉगसारख्या आम्ल पाण्यात ही आपोआप होणारी क्रिया फारच मंद असते आणि काम बरंचसं जीवाणूंवर पडतं.

परत आले कुठून

११ दिवसांत आख्खी वस्ती बाहेरून येऊन बसत नाही. ढवळण्यानं तळातल्या पेशी मेल्या नव्हत्या, विरळ झाल्या होत्या, सगळ्या तळ्यात पसरल्या होत्या. तळथरातले बरेचसे जीवाणू ऑक्सिजन असताना एका मार्गानं आणि नसताना दुसऱ्या मार्गानं जगू शकतात. जे अगदीच ऑक्सिजनभीरू आहेत त्यांच्यासाठी गाळ आहे. गाळात ऑक्सिजन काही मिलिमीटरच शिरतो, त्याखालचं बियाणं शाबूत राहतं. मिथेनभक्षींची गोष्ट आणखी सोयीची. त्यांना मिथेन खालून आणि ऑक्सिजन वरून हवा असतो, त्यामुळे ते एरवी सीमेवरच दाटीनं राहतात, आणि ढवळल्यावर काही दिवस त्यांना दोन्ही एकाच जागी भरपूर मिळतात.

या बॉगांवरची आणखी एक माहिती इथे जोडून पाहावी. मॅकमहन यांच्या गटानं याच परिसरातल्या ८ बॉगांतून ५ वर्षांत घेतलेले १,३८७ नमुने २०१७ मध्ये एकत्र मांडले. जे तळं कधीच पूर्ण मिसळत नाही त्यात जीवाणूंच्या प्रकारांची संख्या सर्वांत जास्त, जे वारंवार मिसळतं त्यात सर्वांत कमी. मग ढवळण्यानं नॉर्थ स्पार्कलिंगचं कायमचं नुकसान का झालं नाही? कारण धक्का एकच होता आणि वसंत-शरदात असा धक्का हे तळं दरवर्षी खातंच. त्याची वस्ती मुळातच त्या सरावातून निवडलेली आहे. वर्षभर सतत ढवळत ठेवलं असतं तर निकाल वेगळा दिसला असता, असं त्या ८ तळ्यांची तुलना सुचवते.

तैवानमधलं युआन यांग हे १,६७० मीटर उंचीवरचं, साडेचार मीटर खोल तळं या बाबतीत चांगला जोडीदार आहे. तिथे हे काम टायफून करतात, तेही एकाच मोसमात अनेकदा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की टायफूननंतर जीवाणूंची वस्ती दर वेळी ओळखता येईल अशाच क्रमानं बदलत जाते. यंत्रानं ढवळलेलं बॉग आणि वादळानं ढवळलेलं डोंगरी तळं, दोन्हीकडे परतीची वाट ठरलेली आहे.

नमुना घेताना काय चुकतं

या प्रकारचं काम दुसऱ्या तळ्यावर करायचं तर सर्वाधिक चुका नावेतच होतात. ऑक्सिजनचा ऑप्टिकल मीटर शून्यावर जुळवून घ्यावा, त्यासाठी सोडियम सल्फाइटचं ताजं द्रावण पुरतं. हे टाळलं की ०.३ मिलिग्रॅम आणि शून्य यांतला फरक दिसत नाही, आणि इथे सगळा खेळ त्याच फरकाचा आहे. सीमेजवळ २५ सेंटिमीटरच्या टप्प्यांनी उतरावं आणि प्रत्येक टप्प्याला आकडा स्थिर होईपर्यंत, मिनिटभर तरी, थांबावं. घाईत खाली सोडलेला मीटर वरच्या पाण्याची आठवण घेऊन जातो आणि सीमा अर्धा मीटर खोल दाखवतो. पडताळणीसाठी विंकलर पद्धत (आयोडीनच्या मदतीनं ऑक्सिजन मोजणारी रासायनिक चाचणी) वापरण्याचा मोह गडद, लोहयुक्त पाण्यात आवरावा. फेरस लोह आणि ह्युमिक द्रव्यं आयोडीनच्या हिशेबात ढवळाढवळ करतात.

पाणी काढायला अर्धा मीटर लांबीची उभी बाटली नको, ती सीमेवरचे दोन-तीन थर एकत्र करून आणते. पेरिस्टाल्टिक पंप (नळी पिळून पाणी ढकलणारा) आणि नळी बरी. नळीचं तोंड आडवं ठेवावं, म्हणजे वरखालचं पाणी ओढलं जात नाही. ६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १० मीटर नळीत सुमारे २८० मिलिलिटर पाणी मावतं, त्यामुळे दर खोलीला किमान ८५० मिलिलिटर सोडून द्यावं. सिलिकॉनची नळी शक्यतो पंपाच्या डोक्यापुरतीच वापरावी, तिच्यातून ऑक्सिजन आरपार जातो. लोहासाठीचा नमुना तिथल्या तिथे गाळून आम्लात टाकावा, सल्फाइडसाठीचा झिंक अ‍ॅसिटेटमध्ये. किनाऱ्यावर गेल्यावर करू म्हणून ठेवलेल्या बाटलीत तासाभरात दोन्ही बदललेले असतात.

डीएनएसाठी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. बॉगचं पाणी त्याला पटकन चोंदवतं. एका फिल्टरवर लिटरभर ओढायचा हट्ट धरला तर पाऊण तास जातो आणि त्या काळात ऑक्सिजनविरहित पेशी उघड्या हवेत बसतात. २००–२५० मिलिलिटरचे दोन-तीन फिल्टर काढून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकणं चांगलं. निष्कर्षणात ह्युमिक द्रव्यं डीएनएबरोबर येतात, द्रावण पिवळट दिसतं आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारी क्रिया, अडते. १० पट विरल करून ती पुन्हा लावावी, किंवा मिश्रणात बीएसए हे प्रथिन घालावं. नमुन्यात जीवाणूच नाहीत असा निष्कर्ष काढण्याआधी हे करून पाहिलेलं असावं.

नॉर्थ स्पार्कलिंगवर दोन पद्धती जोडीनं वापरल्या होत्या. एक, रायबोसोमच्या १६एस आणि २३एस जनुकांमधल्या अंतराची लांबी मोजणारी अरिसा. स्वस्त, म्हणून जवळजवळ रोजचे नमुने परवडतात, पण जीवाणूचं नाव कळत नाही. दुसरी, १६एस जनुकाचं पायरोसिक्वेन्सिंग, म्हणजे त्याचा अक्षरक्रम वाचणं. नाव कळतं, पण त्या काळी महाग. वस्ती ‘परतली’ हा दावा दोन्हींवर उभा आहे, म्हणून तो भक्कम. त्याची मर्यादा डीएनएच्या स्वभावात आहे. मेलेल्या आणि झोपलेल्या पेशींचं डीएनएही यादीत येतं. कोण आहे हे त्यातून कळतं, कोण कामाला लागलंय ते नाही. आज असा प्रयोग करणाऱ्यानं चालू कामाचा माग देणाऱ्या आरएनएचा नमुना सोबत घ्यावा, आणि तो फिल्टर सुरू केल्यापासून काही मिनिटांत गोठवावा.

दुसरी अडचण एकत्रित नमुन्याची. वरच्या थराचा एक आणि तळथराचा एक असे नमुने घेण्याची या बॉगांवरची रीत हंगामभराच्या तुलनेला ठीक, पण सीमेवरचा हातभर जाडीचा पट्टा त्यात विरून जातो. मिथेनभक्षी आणि अगदी थोड्या ऑक्सिजनवर जगणारे जीवाणू नेमके तिथेच असतात.

हवा देणाऱ्या पंपांच्या दृष्टीनं

१९८० पासूनच्या नोंदी असलेल्या ३९३ समशीतोष्ण तळ्यांच्या पाहणीत, २०२१ मध्ये, पृष्ठभागावरचा ऑक्सिजन ५.५ टक्के आणि खोल पाण्यातला १८.६ टक्के घटल्याचं दिसलं. त्यामुळे तळाशी हवा किंवा ऑक्सिजन सोडण्याच्या योजना वाढत जाणार. नॉर्थ स्पार्कलिंगचा निकाल त्यांच्या खर्चाच्या कागदाला थेट लागू होतो. काही दिवस पंप चालवून तळाची वस्ती ‘बदलत’ नाही. पंप थांबला आणि ऑक्सिजन शून्याकडे गेला की लोह विरघळवणारे, सल्फाइड करणारे आणि मिथेन बनवणारे परत कामाला लागतात, आणि लोहाला चिकटलेला फॉस्फरस पाण्यात सुटू लागतो. मधल्या काळात ऑक्सिजन भेटून पुन्हा इलेक्ट्रॉन घ्यायला मोकळी झालेली ह्युमिक द्रव्यं आणि लोह मिथेनला थोडे दिवस रोखून धरतात, पण तो उसना वेळ असतो.

अर्धवट ढवळणं तर बहुतेक वेळा न ढवळण्यापेक्षा वाईट. तळ तापतो, त्याची ऑक्सिजनची भूक वाढते, आणि पुरवठा मात्र थर परत पडताच बंद होतो. थर न मोडता फक्त तळाशी ऑक्सिजन देणारी यंत्रणा महाग असली तरी तळ गार ठेवते, म्हणून त्याच ऑक्सिजनमध्ये जास्त दिवस निघतात. पंप दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागणार असेल, तर तळापासून अर्ध्या मीटरवरचा ऑक्सिजन रोज पाहावा, आणि आकडा २ मिलिग्रॅमखाली गेला की विरघळलेलं मँगनीज तपासायला घ्यावं. ते लोहाच्या आधी वाढू लागतं.